ग्लासवरची चकती

डेसने जीव दिला नाही, तो पाय घसरून पडला, असं मी हिवाळाभर सगळ्यांना सांगत होते. माझ्याकडे पुरावा एकच होता. पुठ्ठ्याची एक चकती.

हसू येत असेल तर हसा. आमच्या ‘द शटल’ पबमध्ये कोणी हसणार नाही. बीअरच्या ग्लासखाली ठेवायला पुठ्ठ्याच्या गोल चकत्या असतात ना, त्यातली एक उचलून अर्ध्या ग्लासवर झाकणासारखी ठेवली की त्याचा अर्थ, मी परत येतोय, हात लावू नका. मग खुशाल बाथरूमला जा, बाहेर सिगरेट ओढायला जा, घरी जाऊन कुत्रा फिरवून या. तुमची खुर्ची तुमची आणि तुमची एल, म्हणजे आमच्याकडची बीअर, तुमची. चकती ठेवलेला ग्लास उचलणाऱ्याला आमच्या गल्लीत कोणी सकाळी नमस्कारसुद्धा करणार नाही. आणि घरी निघालेला माणूस चकती ठेवत नाही. कशाला ठेवेल?

तर नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी माझा नवरा डेस शटलमध्ये गेला. गुरुवारी तिथे पाई असते, बीफ आणि एलची, वर जाड पापुद्रा. त्याने पाई सांगितली, अर्धा ग्लास प्यायला, आणि कोट चढवून मागच्या दाराने बाहेर गेला. मागे पबचं अंगण आहे, अंगणाला कमरेएवढी भिंत, भिंतीत एक फाटक, आणि पलीकडे कालवा. तो परत आला नाही. सकाळी पोलिसांनी त्याला पाण्यातून काढलं.

पबात कोणीच शोधायला उठलं नव्हतं, कारण ग्लासवर चकती होती. येईल की, म्हणाले. त्याची पाई मालकिणीने, पॉलीनने, भट्टीत गरम ठेवली. त्याच्या खुर्चीत कोणी बसायला आलं तर डेसचा मित्र क्लिफर्ड म्हणायचा, ‘माणूस आहे तिथे.’ पापुद्रा वाळून कडक झाला तरी क्लिफर्ड त्या ग्लासची राखण करत बसला होता. मग त्याला वाटलं, डेस मागच्या वाटेने घरी गेला असेल, आणि मला वाटलं, तो अजून शटलमध्ये असेल. मी दिवा चालू ठेवून झोपले. झोपले, हो. मला कसली चिंता होती?

पुढे कोरोनरसमोर, म्हणजे असे मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, चौकशी झाली. क्लिफर्डने एकुलता एक सूट घातला होता, त्याच्या बायकोच्या अंत्यविधीचा. त्याला विचारलं, ‘ग्लासवर चकती होती का?’ तो म्हणाला, ‘होती, साहेब.’ कोरोनर बिचारा भला माणूस, पण दुसऱ्या गावचा. चकतीचं महत्त्व त्याला समजावून सांगावं लागलं. शेवटी त्याने निकाल दिला की अपघात होता की त्याने आपणहून केलं, हे सांगता येत नाही. इतका वेळ घेतला आणि सांगता येत नाही म्हणे. तेवढं तर मीही सांगितलं असतं, फुकट.

माझी मुलगी जॅनिस लीड्सला असते. ती म्हणाली, ‘आई, बाबा गेलं वर्षभर कसे होते ते विसरलीस का तू?’

विसरले नव्हते. बस डेपो बंद झाला, डेसच्या हातातले पाने-स्क्रूड्रायव्हर गेले, आणि त्या दिवसापासून तो स्वयंपाकघरात खिडकीकडे तोंड करून बसायला लागला. खिडकीतून काय दिसतं? शेजारणीची वाळत घातलेली धुणी. डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या त्याने ड्रॉवरमध्ये ठेवल्या. ‘काय झालं?’ विचारलं तर ‘काही नाही,’ म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं, खरंच त्याच्यात काही उरलेलं दिसत नव्हतं. फक्त गुरुवारी तो दाढी करून शटलला जायचा.

‘सगळं खरं,’ मी जॅनिसला म्हणाले, ‘पण चकती होती.’

‘आई, चकती म्हणजे काय देवाचा शब्द आहे का?’

‘तू लीड्सला राहतेस,’ मी म्हणाले, ‘तुला काय कळणार.’

मला रडू आलं नाही. अंत्यविधीला नाही, चौकशीला नाही, नाताळात त्याचे मोजे सापडले तेव्हाही नाही. लोक मला ‘धीराची’ म्हणायला लागले. धीर कसला डोंबलाचा! मला काही वाटतच नव्हतं. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल असतो तसं अख्खं अंग. रोज डब्यातलं तेच टोमॅटोचं सूप प्यायचे, आवडायचं म्हणून नाही, दुसरं काय हवं ते ठरवायचा कंटाळा म्हणून. रात्री अंथरुणात पडलं की एकच गोष्ट मनात यायची, चकती होती. ती आली की झोप लागायची.

एप्रिलमध्ये पॉलीनचा फोन आला. शटल तिचं आहे, तिच्या आईपासूनचं. येईल त्याला ती ‘सोन्या’ म्हणते, मग तो पाद्री असो नाहीतर गटार साफ करणारा.

‘सोन्या, बारला रंग देतेय,’ ती म्हणाली. ‘वरच्या हुकांवरचे नेहमीच्या गिऱ्हाइकांचे सगळे ग्लास उतरवलेत. डेसचा इथेच आहे. टाकवत नाही गं. घेऊन जातेस का?’

‘बरं.’

‘गुरुवारी ये. पाई आहे.’

‘बघते.’

बघण्यासारखं काही नव्हतं. गुरुवारी दुपारी औषधांच्या दुकानात जाऊन आले, कोट अंगावरच होता, काढायचा कंटाळा आला, म्हणून पुढे चालत गेले. वाटेत मी स्वतःला तपासत होते, दाताला जीभ लावून बघावी तसं. पाटी दिसली, तिच्यावरचा रंग उडालेला मागाचा धोटा दिसला. काही नाही. दार ढकललं. तळलेल्या बटाट्यांचा आणि सांडलेल्या बीअरचा तोच वास. काही नाही.

खिडकीखालच्या टेबलाशी क्लिफर्ड आणि त्यांच्यातला तिसरा, नॉरिस, बसले होते. मला बघून क्लिफर्ड उभा राहिला. मोठा धिप्पाड माणूस, गुडघे गेलेले, तो बँडवाल्यांनी राष्ट्रगीत वाजवलं तरी उठत नाही.

‘बस रे बाबा,’ नॉरिस म्हणाला, ‘राणीसाहेब नाहीत त्या, मॉरीन आहे.’

‘राणीसाहेब असत्या तर तू त्यांच्याकडूनही बीअरचा फुकट पाइंट उकळला असतास,’ मी म्हणाले.

‘ऐकलंस? जीभ शाबूत आहे बाईंची.’ नॉरिसला बरं वाटलेलं दिसलं. टेबलावर पाळीपाळीने सगळ्यांसाठी बीअर आणायची आमच्याकडे पद्धत आहे, आणि नॉरिसची पाळी आली की त्याला नेमकी लघवीला लागते. हे सगळ्या गावाला माहीत आहे. डेस म्हणायचा, नॉरिसचं मूत्राशय घड्याळाबरहुकूम चालतं.

‘आज मी आणतो,’ नॉरिस म्हणाला.

‘क्लिफ, याला ताप आहे का बघ,’ मी म्हणाले.

क्लिफर्ड हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता आणि बघत नव्हता. खिडकीशेजारची खुर्ची रिकामी होती. तीच डेसची. मी तिच्यात बसले. कुठेतरी बसायचंच होतं.

‘कशी आहेस?’ क्लिफर्डने विचारलं.

‘आहे.’

‘मी येणार होतो घरी. दोनदा दारापर्यंत आलो.’

‘मग वाजवायचं होतंस.’

‘काय बोलू ते कळेना.’

‘काही बोलायचं नव्हतं. चकतीचं तू सांगितलंस, तेवढं पुरे होतं,’ मी म्हणाले. हे मी त्याला आजपर्यंत म्हणाले नव्हते, म्हणून बोलून टाकलं. ‘सगळे काय काय बोलतात, क्लिफ. माझी पोरगीसुद्धा. पण तू साहेबासमोर उभा राहून सांगितलंस. त्याच्यावरच तग धरून आहे मी सध्या.’

त्याचे कान लाल झाले. मान हलवून तो आपल्या ग्लासात बघायला लागला.

पॉलीन डेसचा ग्लास घेऊन आली. जाड काचेचा, कानवाला, तळाशी एक टवका उडालेला. घासून लखलखीत केला होता आणि वर्तमानपत्राचा कागदही बरोबर आणला होता.

‘गुंडाळून देऊ ना, सोन्या?’

‘नको गुंडाळू. भर त्यात.’

तिने क्लिफर्डकडे बघितलं. क्लिफर्डने खिडकीबाहेर.

‘तू अर्धाच घेतेस नेहमी,’ ती म्हणाली.

‘आज पुरा घेते. त्याची, गडद. आणि एक पाई.’

‘तिघांना पाई,’ नॉरिस म्हणाला. ‘आणि ग्रेव्हीत हात आखडू नकोस, पॉलीन, सुतक संपलं.’

‘तुझं तोंड एकदा भट्टीत घालते बघ,’ पॉलीन म्हणाली आणि बारमागे जाऊन बीअरच्या पंपाचा दांडा ओढायला लागली.

एल आली. आमच्याकडची एल तळघरातल्या गारव्याइतकीच गार असते. बर्फासारखी बीअर मागणारा माणूस दिसला की आम्ही समजतो, सुटीला आलेला आहे. मी दोन्ही हातांनी ग्लास धरला. डेसचा अंगठा कानाच्या वरच्या वळणावर असायचा, तिथे माझा पोचत नव्हता. प्यायले. कडू, जरा भाजल्यासारखी चव. चव कळली एवढंच. अर्धा ग्लास संपला तरी आत काही हललं नाही, आणि मला स्वतःची किळस आली. त्याच्या खुर्चीत बसून, त्याच्या ग्लासातून त्याची बीअर पितेय, आणि नॉरिस कोणाच्या तरी कबुतरांची गोष्ट सांगतोय ती ऐकतेय. दगड झालाय बाई तुझा, म्हटलं.

‘जरा हवा खाऊन येते,’ मी म्हणाले आणि उठले.

मागच्या दाराने गेले. अंगण, बीअरची पिंपं, भिंत, फाटक. फाटकाला आता कुलूप आहे, पॉलीनने नंतर लावलं. ऊन होतं अजून. कालव्यात एक लांबट बोट बांधलेली, तिच्या टपावर कोणीतरी कांद्याची पात लावली होती. बदकं होती. मी भिंतीवर हात टेकून पाण्याकडे बघितलं. तपकिरी पाणी, चहाच्या रंगाचं, फार खोलही नाही.

इथेच, फाटकापलीकडे काठाशी, उभा होता तो. कोटाची बटणं लावून. मी इतके दिवस हेच चित्र बघत आले होते. तो इथे उभा आहे, थंडी वाजतेय, आत पाई येणार आहे, ग्लास झाकून ठेवलाय. आता वळायचं आणि आत जायचं. वळताना पाय घसरतो. बस. त्याला परत जायचं होतं. पाईकडे, क्लिफकडे, मग घरी माझ्याकडे. हे चित्र असलं की बाकीचं मी सहन करू शकत होते. रडू येत नव्हतं ते नव्हतं. हरकत नाही, म्हटलं. येईल कधीतरी.

मी आत आले.

टेबलावर डेसचा ग्लास जिथे ठेवून गेले तिथेच होता, अर्धा. आणि त्याच्यावर चकती होती.

मी ठेवली नव्हती. मला नक्की माहीत होतं. मी ग्लास सोडला, खुर्ची मागे सरकवली, आणि सरळ निघाले होते. माझ्या डोक्यात चकती नव्हतीच.

‘ही कोणी ठेवली?’ मी विचारलं.

‘काय?’ नॉरिस कबुतरांतून बाहेर आला.

‘ही. ग्लासवरची.’

‘मी,’ क्लिफर्ड म्हणाला. अगदी सहज. ‘पॉलीनचा काय भरवसा, अर्धा भरलेला असला तरी उचलते. कोणी उठलं की मी ठेवतोच...’

तिथे तो थांबला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून ते मला दिसलं. आधी त्याला काही कळलं नाही. मग कळलं. मोठा लाल चेहरा हळूहळू पांढरा झाला, थेट ओठांपर्यंत.

मी खाली बसले. 

‘त्या दिवशी,’ मी म्हणाले.

‘मॉरीन...’

‘त्या दिवशी कोणी ठेवली, क्लिफ?’

‘होती गं. ग्लासवर होती. मी खोटं नाही बोललो. शपथेवर खरं सांगितलं.’

‘होती ते मला पाठ आहे. कोणी ठेवली?’

त्याने दोन्ही हातांकडे बघितलं, आणि मग ते टेबलाखाली घेतले. ‘मला आठवत नाही,’ तो म्हणाला. ‘देवाशप्पथ आठवत नाही. हात आपोआप जातो माझा. साहेबांनी विचारलं, चकती होती का. होती. कोणी ठेवली हे कोणी विचारलंच नाही. माझ्याही डोक्यात आलं नाही. आत्तापर्यंत नाही आलं गं.’

‘डेसनेच ठेवली असणार,’ नॉरिस घाईघाईने म्हणाला. ‘ठेवायचा की तो. नेहमी ठेवायचा.’

‘तू बघितलंस?’

‘मी... मी बाथरूममध्ये होतो.’

‘अर्थात,’ मी म्हणाले. ‘तुझी पाळी असणार.’

कोणी हसलं नाही. पलीकडच्या टेबलावरचे लोक एकदम आपापल्या बटाट्यांत गुंतले. पॉलीन तीन पाई दोन हातांत तोलत आली, आमची तोंडं बघितली, ताटल्या गुपचूप ठेवल्या आणि तिथेच उभी राहिली.

मला राग आला. इतका राग, की कान वाजायला लागले. वाटलं, ही गरम पाई उचलावी आणि क्लिफर्डच्या तोंडावर मारावी. लबाड, मूर्ख, ढोल माणूस! हिवाळाभर मी याच्या हातातल्या पुठ्ठ्यावर उभी होते. रात्री त्याच्यावर डोकं ठेवून झोपत होते. मुलीशी भांडले त्याच्यासाठी. डेसने कदाचित बटणं लावली, दाराबाहेर गेला, आणि मागे वळून बघितलंच नाही. कदाचित ग्लास उघडाच होता.

‘तुला वाटलं तो येणार,’ मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू येईना.

‘हो.’

‘म्हणून तू झाकून ठेवलास.’

‘ठेवला असेल तर... हो. पाई सांगितली होती ना त्याने. न येऊन काय करेल, असंच वाटलं. मी बसलो होतो गं. मी बसूनच होतो. एकदा उठून बाहेर बघायला हवं होतं, एकदा फक्त उठायला...’  त्याचे खांदे हलायला लागले. एवढा मोठा माणूस, हात टेबलाखाली, डोळे पुसायलाही वर काढेना.

आणि तो राग जिथून आला होता, तिथूनच मागोमाग दुसरं काहीतरी वर यायला लागलं.  माझं मलाच कळलं की आता हे थांबणार नाही. पबात सगळ्यांसमोर मला ते नको होतं.

डेसला परत यायचं होतं की नाही, ते मला आता कधीही कळणार नाही. क्लिफर्डला मात्र तो परत यायला हवा होता. त्याबद्दल शंका नाही.

मी उठले. उठल्याबरोबर क्लिफर्डचा उजवा हात टेबलाखालून वर आला, सरळ चकत्यांच्या ढिगाकडे गेला आणि मध्येच थबकला. चटका बसावा तसा त्याने तो मागे घेतला. बिचाऱ्याला त्या हाताचं काय करावं ते कळेना.

मी ग्लासवरची त्याची चकती काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. ढिगातून दुसरी घेतली.

‘इकडे बघा,’ मी म्हणाले. ‘क्लिफ, बघ माझ्याकडे. नॉरिस, तूही. पॉलीन, तू पण.’

तिघांनी बघितलं. मी चकती डेसच्या ग्लासवर ठेवली, आणि नीट बसावी म्हणून वरून तळहाताने दाबली.

‘ही मी ठेवली. माझ्या हाताने. कोणी विचारलं तर सांगता येईल ना?’

‘येईल,’ क्लिफर्ड म्हणाला.

‘आणि मला यायला उशीर झाला तर इथे बसून राहू नका. उठून या बाहेर.’

‘येतो,’ तो म्हणाला. ‘लगेच येतो.’

मी मागच्या दाराने बाहेर गेले, त्या भिंतीला धरून उभी राहिले, आणि रडले. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, लहान पोरं रडतात तशी. बदकं पलीकडच्या काठाला गेली. थोड्या वेळाने माझ्यामागे दार वाजलं आणि दुखऱ्या गुडघ्यांची पावलं ऐकू आली. जवळ न येता ती पिंपांपाशीच थांबली. मी मागे वळले नाही.

मग मी नाक पुसलं आणि म्हणाले, ‘चल, पाई गार होईल.’